भाकरी टाकू का?

माझ्याबद्दल नातेवाइकांत सध्या एक तक्रार आहे. "तो हल्ली फोन उचलत नाही." मावशीच्या मते मला पुण्याचं पाणी लागलं. मोठ्या काकांच्या मते बायकोनं सांगितलं असणार. चुलतभावानं तर घरच्या ग्रुपवर लिहिलं, की साहेबांची आता अपॉइंटमेंट घ्यायला लागते. त्याच्या खाली सगळ्यांचे हसरे चेहरे. मीही एक हसरा चेहरा टाकला आणि गप्प बसलो.

कारण अगदी साधं आहे. मी रोज सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी सव्वा तास गाडी चालवतो. तेवढा वेळ माझा फोन मागच्या सीटवरच्या बॅगेत, आवाज बंद करून, चेन लावून पडलेला असतो. आणि लोकांना बरोबर त्याच वेळी माझी आठवण येते. का, तर "म्हटलं आता तू गाडीत असशील, म्हणजे निवांत असशील."

ऑफिसात असलो तर डिस्टर्ब होईल, घरी असलो तर जेवत असेन, झोपलो असेन. गाडीत मात्र मी निवांत! समोर टेम्पो, डावीकडून घुसणारी रिक्षा, उजवीकडे उलट्या दिशेनं येणारा दुचाकीवाला, मध्येच दुभाजकावरून उडी मारणारा कॉलेजकुमार, आणि मी निवांत. असो.

आता हे सगळं लिहायला बसण्याचं कारण माझा भाचा. गेल्या महिन्यात त्याच्या गाडीतून कोथरूडहून हडपसरला निघालो होतो. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हातात फोन, तोंडासमोर पापडासारखा आडवा धरलेला, स्पीकर चालू. पलीकडे कोणीतरी त्याला एक्सेल शीटमधल्या चुका सांगत होतं. मी दोनदा म्हणालो, "ठेव ना तो." तर म्हणे, "मामा, कानाला कुठे आहे? स्पीकरवर आहे." आता कानाला नसला तरी हातात होताच की. पण मी पुढं काही बोललो नाही, खिडकीतून बाहेर बघत बसलो. बोललो असतो तर का बोलतोय ते सांगावं लागलं असतं, आणि ते मी अकरा-बारा वर्षांत घरात कोणालाच नीट सांगितलेलं नव्हतं. रात्री झोप लागली नाही.

तसं आपलं आणि फोनचं लग्न फार जुनं नाही. माझा पहिला मोबाइल आला तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. तेव्हा गाडीवर असताना फोन वाजला तर आम्ही आधी रस्त्याच्या कडेला घ्यायचो, नंबर बघायचो आणि तो कापून पीसीओ शोधायचो! काळजी सुरक्षिततेची नव्हती, पैशांची होती. २००३ साली इनकमिंग फुकट झालं आणि कडेला थांबण्याची सवय कशी गेली ते कळलंही नाही. मग पुण्यात ते दृश्य सुरू झालं, मान खांद्याला टेकवून, मध्ये फोन दाबून, जगाकडे वाकड्या नजरेनं बघत जाणारे स्कूटरवाले. स्कार्फ बांधणाऱ्या मुलींनी त्यावर उपाय काढला, फोन सरळ स्कार्फच्या आतच खोचायचा. हेल्मेटवाल्यांचंही तेच. आम्ही हसायचो. मी स्वतः मान वाकडी करून हसायचो.

कायद्याचं म्हणाल तर तो आता पुरेसा स्पष्ट आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं हातात फोन धरून चालवणं हे १८४ कलमातल्या 'धोकादायक चालवणं' याच्या व्याख्येतच घातलं. दंड तर आहेच, कैदेचीही तरतूद आहे. ऑक्टोबर २०२० पासून नियमात एक सवलत आली, फक्त रस्ता बघण्यासाठी, आणि तेही लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. भाच्याचं एक्सेल शीट त्यात बसत नाही.

पण भाचा आणि त्याच्या वयाचे सगळे ज्या खुंटीला आपला विश्वास टांगून बसलेत, ती खुंटी 'हँड्सफ्री' नावाची आहे. तिच्याबद्दल थोडं सांगतो. १९९७ साली टोरांटोतल्या दोन संशोधकांनी एक अभ्यास छापला. अपघात झालेल्या ६९९ चालकांची फोनची बिलं मिळवून त्यांनी अपघाताच्या क्षणाशी ताडून पाहिली. फोनवर बोलत असताना धडकेचा धोका साधारण चौपट निघाला. आणि ज्यांचा फोन हातात नव्हता, त्यांना त्याचा काही फायदा झाल्याचं दिसेना. म्हणजे हात मोकळा असणं हा मुद्दा आहेच, पण डोकं कुठे आहे हा त्याहून मोठा मुद्दा आहे.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोललेलं कसं चालतं? हा प्रश्न मलाही पडायचा. याचं उत्तर मला आमच्या खंबाटकी घाटात मिळालं, आणि नंतर कळलं की अमेरिकेत युटामधल्या काही मंडळींनी २००८ साली तेच सिम्युलेटरवर तपासून पाहिलं होतं. आई शेजारी बसलेली असली की घाट येईपर्यंत तिचं अखंड चालू असतं. कोणाचं लग्न मोडलं, कोणाची बदली झाली, कोणी वाटण्यांवरून कोर्टात गेलं. पण पहिलं वळण आलं की ती आपोआप गप्प. समोरून ट्रक दिसला की "अरे हळू". मागे बसलेले बाबा तर पायाखाली नसलेला ब्रेक दाबत असतात. घाट संपला की गोष्ट जिथं थांबली होती तिथून पुढे सुरू. फोनवरच्या माणसाला वळण दिसत नाही. त्याला तुम्ही गप्प झालात एवढंच कळतं आणि तो विचारतो, "हॅलो? आहेस का?" त्या युटाच्या प्रयोगात चालकांना हायवेवरचा एक ठरलेला फाटा पकडायला सांगितला होता. शेजारी मित्र असलेल्यांपैकी बहुतेकांनी तो बरोबर पकडला. फोनवर बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या आसपास मंडळी सरळ पुढे निघून गेली.

आता माझ्या फाट्याकडे येतो.

पुण्याहून वाईला जाताना घाट उतरलं की सुरूर फाटा लागतो. तिथून हायवे सोडायचा आणि आत वळायचं. पुढे घरापर्यंत दहा-बारा किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना जुने वड. आई तेव्हा प्रत्येक प्रवासात तीन फोन करायची. एक खेड-शिवापूरच्या सुमाराला, एक घाट संपल्यावर, आणि तिसरा सुरूरला. पहिले दोन काळजीचे. तिसरा कामाचा असायचा, त्यात एकच प्रश्न, "भाकरी टाकू का?" तिच्या हिशेबानं सुरूर ते घर म्हणजे पीठ मळून चार भाकऱ्या. मी दारात चप्पल काढायला आणि चौथी तव्यावर फुगायला एक गाठ पडली पाहिजे. आईच्या आयुष्यात ज्या थोड्या गोष्टी हट्टानं वेळेवर व्हायच्या त्यातली ही एक.

डिसेंबर २०१३. शनिवार. संध्याकाळचे सात वाजून गेलेले, अंधार पडलेला. उसाचा हंगाम चालू होता, ट्रॉल्या आणि बैलगाड्यांमुळे मी जपूनच चालवत होतो हो. वेग पन्नासच्या आसपास असेल. फोन वाजला. तो गिअरच्या पुढच्या खाचेत होता. उचलायला गेलो तर निसटला आणि शेजारच्या सीटच्या कडेला गेला. मी डावीकडे वाकलो. फोन हाताला लागला, स्क्रीनवर 'आई' हे नाव वाचलं, हिरव्या खुणेवर अंगठा ठेवला. एवढंच. नंतर कितीतरी वेळा मी ते घरी बसून, घड्याळ लावून करून पाहिलंय. दोन सेकंद, फार तर तीन. ताशी पन्नासच्या वेगानं गाडी एका सेकंदात चौदा मीटर जाते. म्हणजे दोन सेकंदांत अठ्ठावीस. आमच्या सोसायटीच्या फाटकापासून जिन्यापर्यंतचं अंतर तेवढं आहे. तेवढं अंतर मी डोळे मिटून चाललो तर वॉचमन धावत येईल.

मान वर केली तेव्हा समोर सायकल होती.

माझ्याच दिशेनं चाललेली. ब्रेक दाबला, उजवीकडे ओढली, तरी डावा आरसा आणि कोपरा लागलाच. आवाज फार मोठा झाला नाही. डबा पडल्यासारखा. सायकलला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या होत्या. खाली उतरलो तर हेडलाइटच्या उजेडात डांबरावर दूध पसरत चाललेलं, आणि त्याच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ, पांढरी टोपी, धोतर, उजवा हात पोटाशी धरून बसलेले. ते ओरडतही नव्हते. "किटली बघा, किटली," एवढंच म्हणत होते.

शेजारच्या वस्तीवरून माणसं जमली. पाच-दहा मिनिटांत त्यांचा मुलगा आला. माझ्याच वयाचा असेल. लोकांचे आवाज चढायला लागले होते. कोणीतरी विचारलं, काय झालं, दिसलं नाही का? आणि मी म्हणालो, "समोरून डंपर आला, फुल लाइट टाकून. डोळ्यांवर आला."

ते कुठून सुचलं मला माहीत नाही. मी काही खोटारडा माणूस नाही, निदान तोपर्यंत स्वतःला तसं समजत नव्हतो. पण ते वाक्य तोंडात तयार असल्यासारखं बाहेर आलं. आणि त्याहून वाईट म्हणजे म्हाताऱ्या बाबांनी मान हलवली. "डंपरवाले लई माजल्यात," असं म्हणाले. मला माफ करायला त्यांनीच मला साक्ष दिली.

त्यांना गाडीत घातलं, मुलगा मागे त्यांना धरून बसला, वाईला दवाखान्यात नेलं. गळपट्टीचं हाड मोडलं होतं, कपाळाला टाके पडले. डोक्याला आत काही नव्हतं. खर्च मी केला. पोलिसांत कोणी गेलं नाही, आपसांत मिटलं. आपल्याकडे 'मिटलं' हा शब्द फार सोयीचा आहे. मीही पुढे दोन-तीनदा जाऊन आलो, फळं घेऊन. बाबांचा खांदा जुळला, पण तो हात पुन्हा पुरता वर गेला नाही. दुधाची फेरी मुलाकडे गेली. दर वेळी ते मला चहा पाजायचे आणि डंपरवाल्यांना शिव्या घालायचे. मी चहा प्यायचो.

घरी रात्री दहाला पोचलो. आईला तेच सांगितलं. डंपर. ती म्हणाली, "तरीच फोन उचलत नव्हतास. मी किती वेळा केला." भाकऱ्या गार झाल्या होत्या. मी दोन खाल्ल्या.

त्यानंतर फोन बॅगेत गेला. रस्त्यात आईचे फोन उचलणं बंद केलं. तिला सांगितलं, मीटिंग असते, रेंज नसते, बॅटरी जाते. एक खोटं सांभाळायला किती पाळीव खोटी ठेवावी लागतात! ती तिकडे दाराशी येरझाऱ्या घालायची. बाबा मला नंतर सांगायचे, की तू पोचेपर्यंत ती पीठसुद्धा मळत नाही आता.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. चालवताना मोबाइल वापरणं, या कारणाखाली त्यातली ३,३९५ मोजली आहेत. हा आकडा वाचला तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. एकूण मृत्यूंमध्ये दोन टक्के. बाकी सगळं बहुतेक 'अतिवेग' या रकान्यात. मी मनात म्हटलं, या रकान्यात जायला कोणीतरी "हो, माझ्या हातात फोन होता" असं म्हणायला तर पाहिजे ना! माझी घटना तर कुठल्याच रकान्यात नाही. कागदावर झालीच नाही ती. झाली असती तरी डंपरच्या नावावर गेली असती. मग असे किती डंपर असतील देशात?

म्हातारे बाबा २०१९ मध्ये गेले, वयानं, त्या अपघाताचा संबंध नव्हता. मला ते दोन महिन्यांनी कळलं. भेटायला गेलो. मुलगा गोठ्यात होता. तिथेच उभ्या उभ्या मी त्याला सांगितलं. डंपर नव्हता, फोन उचलत होतो. मला वाटत होतं तो काहीतरी बोलेल, निदान घमेलं तरी आपटेल.

तो म्हणाला, "ठाऊक हाय की."

मी नुसता बघत राहिलो.

"तुमच्या गाडीत बसलो तवा सीटखाली फोन वाजत हुता. थांबंचना. म्याच काढून तुमच्या हातात दिला. आईचा फोन हुता. सात का आठ मिस कॉल." मग म्हशीपुढं वैरण टाकत म्हणाला, "तुम्ही पळून गेला न्हाईत, दवाखान्यात नेलंत. म्हनून मग डंपर तर डंपर."

मला त्यानं फोन हातात दिल्याचं आठवतसुद्धा नव्हतं. अजून आठवत नाही. सहा वर्षं मी जे लपवत होतो ते त्याच्या हातातूनच माझ्याकडे आलं होतं. आणि त्याच्या वडिलांना ठाऊक होतं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. कदाचित तो चहा मला वेगळ्या कारणासाठी मिळत असेल.

आईला सांगायला मात्र आणखी काही वर्षं लागली. भीती तिच्या रागाची नव्हती. तिला कळलं की तो फोन तिचा होता, तर ती पुढचं सगळं स्वतःच्या माथ्यावर घेईल, ही भीती. हे मी स्वतःला समजावत होतो खरं. आता वाटतं, त्यात तिची काळजी निम्मीच होती. पण भाच्याच्या त्या दिवसानंतर राहवेना. गेल्या पंधरवड्यात वाईला गेलो तेव्हा ओट्यापाशी उभं राहून सांगून टाकलं. म्हणालो, फोन तू केलास, पण उचलायला मी वाकलो. तू बोलावलं म्हणून काही मी खाली बघायलाच पाहिजे असं नव्हतं.

तिनं गॅस बारीक केला. "मला माहीत असायचंच की तू गाडीत आहेस. म्हणून तर करायचे," असं म्हणाली.

मग मी तिला न्यू जर्सीची गोष्ट सांगितली. तिथे एका मुलीनं मित्राला मेसेज केला, तो गाडी चालवत होता, आणि समोरून मोटरसायलवर येणाऱ्या एका जोडप्याचे पाय गेले. २०१३ साली तिथल्या अपील कोर्टानं सांगितलं, की समोरचा चालवतोय आणि चालवतानाच वाचणार आहे हे पाठवणाऱ्याला ठाऊक असेल, तर त्याच्यावरही जबाबदारी येऊ शकते. त्या मुलीला तेवढं ठाऊक होतं असा पुरावा नव्हता, म्हणून ती सुटली. मी हे आईला दिलासा द्यायला सांगत होतो, की बघ, ती सुटली. आई निवृत्त शिक्षिका आहे, दिलासा तिला असा सहज चिकटत नाही. ती म्हणाली, "बरोबर आहे कोर्टाचं. मी नसते सुटले."

आणि मग थोड्या वेळानं, "त्यांच्याकडे किटल्यांचे पैसे दिले होतेस का?"

दिले होते.

हा लेख टाकण्याआधी तिला वाचून दाखवला आहे. 'येरझाऱ्या' तिला पटलं नाही, ती म्हणते मी नुसती उभी असायचे. पण बाबांची साक्ष आहे, तेव्हा ठेवतो. मावशी, काका आणि मंडळी, तुम्हाला कारण हवं होतं ते हे. संध्याकाळी साडेसात ते सकाळी साडेआठ या वेळात कधीही करा, उचलेन. आणि भाच्या, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे, तेव्हा चालवताना वाचू नकोस.

आता आमच्यात असं ठरलंय. सुरूर फाट्याच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे. तिथे गाडी कडेला घेऊन मी थांबतो, चहा सांगतो आणि तिला फोन लावतो. परवाच्या शनिवारीही लावला. "थांबलायस का नक्की?" "हो." "गाडी बंद?" "बंद." तिला खात्री पटेना. म्हणाली, "किल्ली काढ आणि वाजवून दाखव."

मी किल्ल्यांचा जुडगा फोनजवळ धरून खुळखुळ वाजवला. टपरीवाला बघत होता.

"हं," ती म्हणाली, "आता चहा पिऊन ये सावकाश. मी टाकते."